चित्रकथांचा रसिकवर्ग व त्याचा मताधिकार

कोणत्याहि कलेचा इतिहास लिहावयास बसलेला लेखक प्रथम कलावंतांचीं चरित्रें पाहतो, मग त्यांच्या कृतींची परीक्षा करतो, आणि जागा उरलीच तर त्या कृतींच्या वाचकांविषयीं किंवा प्रेक्षकांविषयीं दोन ओळी लिहितो. यांत त्याचा फारसा दोष नाहीं. संगीत नाटकांसाठीं रात्र रात्र जागणाऱ्या आमच्या आजोबा-पणजोबांनीं कोणत्या पदास 'वन्स मोअर' दिला हें थोडेंबहुत ऐकून माहीत असतें, पण तो कां दिला हें त्यांनीं लिहून ठेवलेलें नसतें. रसिकाचें मत बहुधा त्याच्या बोलण्याबरोबरच विरून जातें. परंतु गेल्या शंभर वर्षांत एक कलाप्रकार असा निघाला कीं, त्याच्या वाचकांनीं आपलीं मतें जवळजवळ आरंभापासून कागदावर उतरून ठेविलीं, एकमेकांस पाठविलीं, छापलीं व त्यांवर कडाक्यानें वाद केले. हा प्रकार म्हणजे अमेरिकेंतील चित्रकथा. सर्व जग त्यांस 'कॉमिक्स' म्हणतें.

या चित्रकथांतील अतिमानुष वीर, म्हणजे सुपरमॅन, बॅटमॅन, स्पायडरमॅन आणि त्यांचा अफाट परिवार, आज चित्रपटांच्या द्वारें आपल्या मुला-नातवंडांच्या परिचयाचे झाले आहेत. असा एखादा नवा चित्रपट लागला कीं जेवणाच्या पानावर त्याची चर्चा सुरू होते. मूळ कथेंत असें नव्हतें, अमक्या नटास ती भूमिका शोभत नाहीं, तमक्या दिग्दर्शकानें वीराचा स्वभावच बिघडविला, असे आक्षेप एकामागून एक निघतात, आणि वडील माणसें हा सारा पोरखेळ समजून दुसरा विषय काढतात. या वादांमागें नव्वदांहून अधिक वर्षांची परंपरा आहे, हें त्यांच्या लक्षांत येत नाहीं. ती परंपरा पाहिली असतां, रसिकाच्या मतास किंमत केव्हां येते आणि तें केव्हां कवडीमोल होतें, या जुन्या प्रश्नावर बराच प्रकाश पडतो असें आम्हांस वाटतें. तो इतिहास थोडक्यांत सांगावा हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

या परंपरेचा उगम चित्रकथांत नसून विज्ञानकथांत आहे. ह्यूगो गर्न्सबॅक या गृहस्थांनीं १९२६ सालीं न्यूयॉर्क येथें 'ॲमेझिंग स्टोरीज' नांवाचें मासिक सुरू केलें. त्यांत वाचकांचीं पत्रें येऊं लागलीं तेव्हां ते पत्राखालीं लिहिणाराचें नांव व त्याचा पत्ताहि छापीत. ही गोष्ट दिसावयास क्षुल्लक, परंतु तिचे परिणाम दूरवर पोंचले. एका गांवच्या वाचकाचें पत्र वाचून दुसऱ्या गांवचा वाचक त्यास परस्पर लिहूं लागला. अशा पत्रमैत्रींतून मंडळें निघालीं, आणि मंडळांनीं आपापलीं लहानशीं मासिकें काढलीं. एक टाइपरायटर, प्रती काढण्याचें साधें यंत्र आणि टपालाचीं तिकिटें एवढेंच त्यांचें भांडवल असे. १९३२ सालीं निघालेल्या 'टाइम ट्रॅव्हलर' या अशाच मासिकाच्या चालकांत मॉर्ट वाइझिंगर व ज्यूलियस श्वार्ट्झ हे दोन तरुण होते. त्यांचीं नांवें वाचकांनीं ध्यानांत ठेवावीं. त्याच वर्षीं क्लीव्हलंड शहरीं शाळेंत शिकणाऱ्या जेरी सीगल या मुलानें 'सायन्स फिक्शन' नांवाचें स्वतःचें मासिक चालू केलें. त्याच्या १९३३ च्या जानेवारीच्या अंकांत सुपरमॅन हें नांव धारण करणाऱ्या एका मनुष्याची कथा सीगलनें लिहिली आणि तिचीं चित्रें त्याचा मित्र जो शूस्टर यानें काढलीं. तो सुपरमॅन दुष्ट होता. पुढें याच जोडीनें त्याच नांवाचा सज्जन वीर निर्माण केला, कित्येक वर्षें प्रकाशकांचे उंबरठे झिजविले, आणि अखेर १९३८ सालीं त्याचे सर्व हक्क १३० डॉलरांस विकून टाकले. 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकांत तो वीर जगापुढें आला. एवंच, अतिमानुष वीरांचा हा आदिपुरुष एका हौशी वाचकाच्या लेखणींतून जन्मला.

चित्रकथांचा खप जसा लाखांनीं वाढला तशी सुशिक्षितांची चिंताहि वाढली. या चिंतेस शास्त्राचा आधार दिला तो डॉ. फ्रेडरिक वर्थम या मानसरोगतज्ज्ञांनीं. वर्थम हे कोणी कोत्या मनाचे गृहस्थ नव्हते. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांत गरीब कृष्णवर्णीयांसाठीं नाममात्र फी घेणारें चिकित्सालय त्यांनीं १९४६ सालीं काढलें होतें, आणि शाळांतील वर्णभेदाविरुद्धच्या खटल्यांत त्यांच्या साक्षीचा उपयोग झाला होता. परंतु १९५४ सालीं त्यांनीं 'सिडक्शन ऑफ दि इनोसंट' हा ग्रंथ लिहून असें प्रतिपादिलें कीं, बालगुन्हेगारीचें एक मोठें कारण चित्रकथा हें आहे. त्याच वर्षीं अमेरिकन सिनेटच्या एका उपसमितीनें न्यूयॉर्क येथें साक्षी घेतल्या. भयभीत झालेल्या प्रकाशकांनीं स्वतःवरच एक कडक नियमसंहिता लादून घेतली, आणि कित्येक मासिकें बंद पडलीं. त्या संहितेचा शिक्का थेट २०११ सालापर्यंत कोणत्या ना कोणत्या प्रकाशकाच्या अंकावर उमटत होता.

या सर्व गदारोळांत ज्यांच्या हितासाठीं हा खटाटोप चालला होता त्या मुलांचें म्हणणें कोणीं विचारलें नाहीं. ई. सी. या प्रकाशनसंस्थेनें आपल्या वाचकांस उपसमितीकडे पत्रें लिहिण्याची विनंती केली, आणि मुलांनीं खरोखरच तीं लिहिलीं. पण तीं दफ्तरांत पडून राहिलीं. पुढें कॅरोल टिली या विदुषींनीं वर्थम यांचीं टिपणें तपासून २०१२ सालीं दाखवून दिलें कीं, त्यांनीं आपल्या ग्रंथांत मुलांचे जबाब अनेक ठिकाणीं फिरविले होते, जोडले होते किंवा अर्धवट दिले होते. सद्धेतूनें प्रेरित झालेला विद्वान् देखील, समोरच्या वाचकाचें ऐकण्याआधींच निर्णय ठरवून बसला म्हणजे काय होतें, याचें हें बोधप्रद उदाहरण आहे.

ही वृत्ति केवळ अमेरिकेंतच होती असें मात्र कोणीं समजूं नये. मुंबईहून १९६४ सालीं 'इंद्रजाल कॉमिक्स' निघूं लागलीं आणि ली फॉक यांचा 'फँटम' आपल्याकडे वेताळ होऊन आला. तेव्हां त्यास पाठ्यपुस्तकाच्या आड लपूनच पुष्कळ मराठी घरांत प्रवेश करावा लागला. मुलगा वेताळ वाचतो याचें आईबापांस दुःख होई. तो काय वाचतो व त्यांत त्यास काय दिसतें, हें विचारणारे थोडे.

आतां आपण पुनः अमेरिकेकडे वळूं. ज्यांचीं नांवें ध्यानांत ठेवावयास आम्हीं सांगितलें ते वाइझिंगर व श्वार्ट्झ हे हौशी तरुण आतां एकाच मोठ्या प्रकाशनसंस्थेचे संपादक झाले होते. त्यांनीं आपल्या तरुणपणींची रीत येथें आणली. वाइझिंगर यांनीं १९५८ सालीं 'सुपरमॅन'मध्यें वाचकांच्या पत्रांचें सदर सुरू केलें. श्वार्ट्झ यांनीं १९६१ च्या सुमारास पत्रलेखकांचे संपूर्ण पत्ते छापण्यास आरंभ केला. श्वार्ट्झ यांनींच १९५६ सालीं 'फ्लॅश' या जुन्या वीराचा नव्या रूपांत जीर्णोद्धार केला होता, व १९६० सालीं 'जस्टिस लीग' ही वीरांची मंडळी उभी केली होती. अशा जुन्या वीरांना परत आणा, म्हणून त्यांच्यामागें पत्रांचा तगादा लावणारांत जेरी बेल्स नांवाचे एक गृहस्थ होते. हे डेट्रॉइट येथील वेन विश्वविद्यालयांत विज्ञान शिकविणारे प्राध्यापक, म्हणजे आमच्याच व्यवसायांतले. १९६१ च्या फेब्रुवारींत ते श्वार्ट्झ यांस भेटावयास न्यूयॉर्कला गेले, तेथें विज्ञानकथांच्या हौशी मासिकांची हकीकत त्यांनीं ऐकली, आणि मार्चमध्यें 'ऑल्टर ईगो' या आपल्या मासिकाचा पहिला अंक टपालांत टाकला. मिसूरी प्रांतांतील रॉय थॉमस हा शिक्षकी पेशाचा तरुण त्यांचा सहकारी होता. तत्पूर्वीं १९६० सालीं डिक व पॅट लुपॉफ या दांपत्यानें 'झीरो' नांवाचें मासिक काढून त्यांत बालपणीं वाचलेल्या चित्रकथांवर निबंधांची मालिका चालविली होती. त्या मासिकास १९६३ सालीं ह्यूगो पारितोषिक मिळालें.

या मासिकांचें स्वरूप मोठें मौजेचें असे. त्यांत भाबडी स्तुति असे, तशी न्यायालयास शोभेल अशी उलटतपासणीहि असे. अमक्या अंकांत वीराचा जन्म जेथें सांगितला तेथें तो तमक्या अंकांत कां नाहीं, हें पृष्ठांक देऊन विचारलेलें असे. दुसऱ्या प्रकाशनसंस्थेचे संपादक स्टॅन ली यांनीं या चिकित्सक वृत्तीचा धूर्तपणें आदर केला. १९६१ सालीं निघालेल्या 'फँटास्टिक फोर'मध्यें त्यांनीं पत्रांस जिव्हाळ्यानें उत्तरें दिलीं, आणि चूक दाखवून तिचें समर्थनहि स्वतःच शोधून देणाऱ्या वाचकास ते एक रिकामें पाकीट 'पारितोषिक' म्हणून पाठवीत. १९६३ सालीं याच मासिकांत एका शाळकरी मुलाचें प्रशंसापर पत्र छापून आलें. तो मुलगा म्हणजे पुढें कादंबरीकार म्हणून जगभर गाजलेले जॉर्ज आर. आर. मार्टिन. रॉय थॉमस हे १९६५ सालीं लेखक म्हणून स्टॅन ली यांच्याकडे आले आणि १९७२ सालीं त्यांच्या जागीं मुख्य संपादक झाले. पत्रलेखकाची अशी बढती दुसऱ्या कोणत्या कलेंत इतक्या सहज होत असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

पत्रांनीं जुळलेलीं हीं माणसें लौकरच प्रत्यक्ष एकत्र जमूं लागलीं. १९६४ सालीं न्यूयॉर्क येथें एक लहानसें संमेलन झालें. १९७० च्या ऑगस्टमध्यें सॅन दिएगो येथें तीन दिवसांचें संमेलन भरलें तेव्हां सुमारें ३०० मंडळी जमली होती. आज त्याच संमेलनास लाखाहून अधिक लोक येतात, आणि चित्रपटांचे निर्माते आपली बाजू मांडण्यासाठीं तेथें हजेरी लावतात.

येथें डॉ. वर्थम यांच्या कथेचा उत्तरार्ध सांगितला पाहिजे. आपल्या वृद्धापकाळीं त्यांनीं हीं घरगुती मासिकें जमवून वाचावयास घेतलीं, आणि १९७३ सालीं 'दि वर्ल्ड ऑफ फॅनझीन्स' हा ग्रंथ लिहून त्यांची मनःपूर्वक प्रशंसा केली. कोणाच्या दबावावांचून, नफ्याच्या आशेवांचून माणसें परस्परांशीं मोकळेपणानें विचारविनिमय करतात हें त्यांस फार आशादायक वाटलें. ज्या वाचकांस त्यांनीं वीस वर्षांपूर्वीं बळी गेलेले अजाण जीव ठरविलें होतें, तेच वाचक आतां लेखणी धरून त्यांच्यापुढें उभे होते. त्याच सुमारास ते न्यूयॉर्कच्या एका संमेलनास गेले असतां त्यांचें स्वागत मात्र संशयानें व टोमण्यांनीं झालें. रसिकवर्गाची स्मृति दीर्घ असते, आणि क्षमा ही तिची विशेष आवडती गोष्ट नव्हे.

येथवर सांगितलेला इतिहास एखाद्या हौशी मंडळाचा वृत्तांत म्हणून वाचून सोडून देतां आला असता. परंतु या वाचकांनीं एक असें कार्य केलें कीं, ज्यायोगें त्यांच्या मतांस निराळें वजन प्राप्त झालें. त्या काळीं पुष्कळ चित्रकथांवर लेखकाचें वा चित्रकाराचें नांवच नसे. डोनाल्ड डक या बदकाच्या कथा वॉल्ट डिस्ने यांच्या नांवावर निघत. त्या अनेक हातांनीं काढलेल्या असत. पण मुलांनीं त्यांतला एक हात ओळखला. रेषेचा डौल, चेहऱ्यावरचा भाव, कथेची बांधणी यांवरून तीं त्या अनाम चित्रकारास 'तो चांगला चित्रकार' म्हणूं लागलीं. १९६० च्या सुमारास एका वाचकानें चिकाटीनें पत्रव्यवहार करून त्याचें नांव मिळविलें, तें कार्ल बार्क्स. साठीकडे झुकलेल्या त्या गृहस्थास वाचकांचीं पत्रें येऊं लागलीं तेव्हां प्रथम कळलें कीं, आपण इतके दिवस कोणाच्या डोळ्यांत भरलों होतों.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. १९३९ सालीं अवतरलेल्या बॅटमॅनचा जनक म्हणून बॉब केन या एकट्या चित्रकाराचें नांव छापलें जाई. त्याच्या करारांतच तशी तरतूद होती. वस्तुतः त्या वीराचा पोषाख, स्वभाव व आरंभींच्या कथा घडविण्यांत बिल फिंगर या लेखकाचा मोठा वांटा होता. १९६५ च्या न्यूयॉर्कच्या संमेलनांत फिंगर स्वतः आले, आणि त्यांची हकीकत ऐकून जेरी बेल्स यांनीं त्याच वर्षीं एका हौशी पत्रिकेंत ती प्रसिद्ध केली. केन संतापले व त्यांनीं खंडनाचें लांबलचक पत्र लिहिलें. फिंगर १९७४ सालीं हलाखींतच वारले. तथापि बेल्स यांचा तो लेख विसरला गेला नाहीं. एका पिढीनें दुसऱ्या पिढीकडे तें प्रकरण सोंपविलें, अभ्यासकांनीं पुरावे गोळा केले, फिंगर यांच्या नातीनें हक्क मागितला, आणि २०१५ सालीं, म्हणजे बरोबर पन्नास वर्षांनीं, कंपनीनें त्यांचें नांव केन यांच्या जोडीनें देण्याचें मान्य केलें. विद्यापीठें या विषयाकडे ढुंकूनहि पाहत नव्हतीं आणि मालकांस सत्य सोयीचें नव्हतें, अशा वेळीं हा न्याय मिळवून देण्यास आरंभ केला तो फावल्या वेळीं चित्रकथा वाचणारांनीं. बारीक लक्ष देऊन वाचणें हीच त्यांची एकमेव पात्रता होती.

यानंतर जें घडलें त्याचा सूर निराळा आहे. १९८८ सालीं बॅटमॅनच्या संपादकांनीं वाचकांच्या मताचा एक नवा प्रयोग केला. बॅटमॅनचा तरुण साथीदार रॉबिन, त्यावेळचा जेसन टॉड, हा वाचकांपैकीं पुष्कळांस आवडत नव्हता. एका अंकाच्या शेवटीं त्यास स्फोटांत सांपडलेला दाखवून, तो जगावा कीं मरावा हें वाचकांनीं टेलिफोनवरून कळवावें, असें जाहीर झालें. दोन क्रमांक दिले होते. एका फोनास अर्धा डॉलर पडे. ५,३४३ मतें मरणाच्या बाजूनें पडलीं व ५,२७१ जगण्याच्या बाजूनें. ७२ मतांच्या अधिक्यानें रॉबिन मारला गेला. कोणी एकानें यंत्राकरवीं वारंवार फोन केले, अशी ऐकीव गोष्ट संपादक डेनिस ओनील हे पुढें सांगत असत. ती खरी असो वा नसो, ती शक्य होती एवढें खरें.

या प्रयोगांत आणि जुन्या पत्रव्यवहारांत काय अंतर आहे तें पाहावें. पत्र लिहिणारास नांव व पत्ता द्यावा लागे, कारण सांगावें लागे, आणि पुढच्या अंकांत त्याचें कोणीं खंडन केल्यास तें सोसावें लागे. टेलिफोनच्या क्रमांकास यांपैकीं कांहींच लागत नव्हतें. पत्रांतून संपादकास कळे कीं वाचकास रॉबिन कां आवडत नाहीं, आणि कदाचित् तो कसा सुधारावा. मतमोजणींतून एवढेंच कळलें कीं ७२ फोन जास्त आले. जुन्या रीतींत मत तोललें जाई, नव्या रीतींत तें मोजलें गेलें.

चित्रपटांचें युग आलें तेव्हां या दोन्ही रीति एकमेकींत मिसळून गेल्या. टिम बर्टन यांच्या 'बॅटमॅन' चित्रपटासाठीं १९८८ सालीं मायकेल कीटन या विनोदी नटाची निवड झाली तेव्हां चित्रकथांच्या रसिकांनीं निषेधाच्या पत्रांचा पाऊस पाडला. तीं पत्रें ५०,००० होतीं असा आंकडा तेव्हां प्रसिद्ध झाला. १९६६ च्या थट्टेखोर दूरचित्रमालेनें आपल्या गंभीर वीराचा विदूषक केला, हें शल्य त्यांच्या मनांत वीस वर्षें सलत होतें, आणि विनोदी नट म्हणतांच तें पुनः उसळलें. १९८९ सालीं चित्रपट लागला आणि कीटन पुष्कळांच्या मनांत कायमचे बॅटमॅन होऊन बसले. पुढें हीथ लेजर यांस जोकरची भूमिका दिली तेव्हांहि असाच आरडाओरडा झाला. 'दि डार्क नाइट' २००८ सालीं आला आणि २००९ सालीं त्याच भूमिकेबद्दल त्यांस मरणोत्तर ऑस्कर मिळालें. तात्पर्य, न पाहिलेल्या गोष्टीवर दिलेलें मत लाखांनीं दिलें तरी तें मत होत नाहीं. तें भय असतें.

अलीकडचें सर्वांत मोठें प्रकरण 'जस्टिस लीग' या चित्रपटाचें. दिग्दर्शक झॅक स्नायडर यांनीं कन्येच्या मृत्यूनंतर २०१७ सालीं काम सोडलें, दुसऱ्या दिग्दर्शकानें चित्रपट पुरा केला, आणि तो अनेकांस रुचला नाहीं. स्नायडर यांची मूळ कृति दाखवा, अशी चळवळ रसिकांनीं चालविली. तिच्या जोडीनें आत्महत्या-प्रतिबंधाच्या कार्यासाठीं लाखों डॉलरांची वर्गणीहि जमविली. अखेर २०२१ च्या मार्चमध्यें चार तासांची ती आवृत्ति प्रकट झाली. एका कलावंताचें काम त्याच्या नांवानें लोकांपुढें यावें, हा आग्रह बिल फिंगर यांच्या कैवाऱ्यांच्या आग्रहाचाच वंशज होय. परंतु त्याच चळवळींतील कांहींनीं विरोधकांस शिवीगाळ व धमक्या दिल्या. आणि २०२२ सालीं 'रोलिंग स्टोन'नें असें प्रसिद्ध केलें कीं, कंपनीच्या अहवालांप्रमाणें त्या चर्चेंतील निदान १३ टक्के खातीं खोट्या नांवाचीं होतीं. येथें ७२ फोनांची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. मोजण्यावरच भर दिला म्हणजे खोटीं मापें घेऊन कोणी ना कोणी येणारच.

एक आक्षेप येथें विचारांत घेणें प्राप्त आहे. नामवंत दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी यांनीं २०१९ सालीं असें मत दिलें कीं, हे अतिमानुषांचे चित्रपट म्हणजे करमणुकीच्या बागांसारखे आहेत, तें खरें चित्रपटकलेचें काम नव्हे. तसें असेल, तर त्यांच्यावरील इतक्या चर्चेस अर्थ काय? स्कॉर्सेसी यांच्या मतांत तथ्यांश आहे. यांतले पुष्कळ चित्रपट एकाच सांच्यांतून काढलेले दिसतात. परंतु मुलांची बदकाची चित्रकथा हीहि एके काळीं अशीच सांच्यांतली वस्तु समजली जात होती, आणि तिच्यांतला कलावंत ओळखला तो तिच्या वाचकांनींच. कृति हलकी कीं भारी हें ठरविण्यापूर्वीं ती लक्ष देऊन पाहावी लागते, आणि तें काम सध्यां जेवणाच्या पानावर वाद घालणारीं मुलेंच अधिक करीत आहेत.

म्हणून आमची सुशिक्षित आईबापांस एवढीच सूचना आहे. मुलगी जर म्हणाली कीं नवा सुपरमॅन तिला पटला नाहीं, तर विषय बदलूं नये; 'कां?' एवढें विचारावें. उत्तरांत तिनें दुसऱ्यांचे आंकडे सांगितले, किती लोकांस आवडला आणि कितीकांस नाहीं, तर तिला पुनः विचारावें. तिनें एखादें दृश्य सांगितलें, एखाद्या प्रसंगीं वीरानें काय करावयास हवें होतें हें सांगितलें, मागच्या कथेशीं तें कसें विसंगत आहे हें दाखविलें, तर शांतपणें ऐकून घ्यावें. बेल्स आणि त्यांचे सोबती पोस्टाचें तिकीट लावून जें करीत होते तेंच तें आहे. आणि तिच्या म्हणण्याशीं आपलें मत जुळलें नाहीं तर तेंहि कारणें देऊन सांगावें.